कातळ पश्चिमेला बुडतो तिथे

मे महिना, दुपारचे अडीच. फुलंब्रीहून खुलताबादकडे जाताना रस्त्याच्या आत, मोसंबीची बाग वाळत चाललेल्या एका शेतात तुम्ही उभे आहात. तामिळनाडूच्या नंबरप्लेटची बोअरची गाडी सकाळपासून धडधडतेय. काल संध्याकाळी पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरून सगळं रान पालथं घातलं आणि जिथे नारळ ताठ उभा राहिला, तिथे चुन्याची फुली मारली. आता त्या फुलीवर हॅमर आपटतोय. शेतमालक बांधावर बसून रॉड मोजतोय, कारण पैसे फुटावर आहेत.

"किती झालं भाऊ?"

"चारशे वीस."

"अन् पाणी?"

एजंट बोलत नाही. भोकातून उसळणाऱ्या राखाडी ढगाकडे नुसती हनुवटी उडवतो. फफुटा. मराठवाड्यात बोअर मारणाऱ्या माणसाला याहून वाईट दृश्य नाही.

तुम्ही त्या ढिगातून चिमूटभर चुरा उचला. बोटांत चुरगळा. कोरडा, कठीण, निळसर राखाडी. शंभर फुटांमागे पडलेला ढीग मात्र तांबडा आहे, गेरूसारखा हाताला लागतो. त्या तांबड्या थरावर लक्ष असू द्या, तो लवकरच कामाला येणार आहे. आता गाडीवाल्याला त्याचं काम करू द्या आणि तुम्ही रॉडच्या बाजूने खाली उतरा. या प्रवासाचं गणित सोपं आहे. जितकं खाली, तितकं मागे.

सहा कोटी साठ लाख वर्षं मागे आलात. गंधकाचा वास नाकात बसतो. वेरूळचा डोंगर नाही, देवगिरीचा सुळका नाही, गोदावरी नाही. भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आफ्रिकेच्या पूर्वेच्या महासागरात कुठेतरी आहे. ज्वालामुखी म्हटलं की टोकदार पर्वत आणि वर कारंजं असं चित्र डोळ्यासमोर येतं. इथे तसलं फारसं काही नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्यात आणि त्यांतून पातळ लाव्हा सपाट पसरत चाललाय, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत.

मग तो थांबतो, आणि इथेच तुम्ही घाई करू नका. लाव्हा निवतो, त्याला तडे जातात, पाऊस त्याला झिजवतो. माती होते. तीत झाडं येतात, ओढे वाहतात. माणसाच्या सगळ्या इतिहासापेक्षा लांब अशी शांतता जाते. पुन्हा भेग उघडते, नवा लाव्हा त्या मातीवर येऊन तिला भाजून काढतो. बोअरमधून निघालेला तांबडा चुरा ही ती भाजलेली माती. आपला कातळ असा थरावर थर चढत उभा राहिला. वाटेत आठव्या शतकात क्षणभर डोकं वर काढलंत, तर कृष्णराजाचे पाथरवट याच कातळात वरून खाली कैलास खोदताना दिसतील. त्यांनाही कुठला थर भरीव आणि कुठला पोकळ हे टाकीच्या आवाजावरून कळत असणार. पण आज आपल्याला मूर्ती नको आणि पाणीही नको, तेल हवंय.

तेल इथे का नाही? प्रश्न बाळबोध वाटेल, पण जायकवाडीच्या काठावर एखाद्या हौशी माणसाने तो विचारला तर पटकन उत्तर देता यायला हवं. तेल व्हायला आधी मेलेला जीव लागतो: शेवाळं, सूक्ष्म वनस्पती, पानांचा कुजका गाळ. तो हवा न लागता चिखलात गाडला जावा लागतो. मग त्यावर इतके थर चढावे लागतात की खालच्या चिखलाला शंभर अंशांच्या आसपासची ऊब लाखो वर्षं मिळत राहील. तयार झालेलं तेल वर सरकतं, तेव्हा त्याला मुरायला सच्छिद्र दगड हवा आणि निसटू न देणारं झाकण हवं. वितळलेल्या खडकातून जन्मलेल्या आपल्या कातळात यातलं पहिलंच नाही. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट भेदल्यावर आठेक मीटर गाळाचा थर लागला आणि लगेच त्याखालचा अतिप्राचीन खडक. कोयनेला तर नऊशे मीटरहून अधिक बेसाल्टनंतर मध्ये गाळ नाहीच, थेट ग्रॅनाइट.

तेव्हा इथे खणत बसू नका. पश्चिमेला चालायला लागा.

पायाखालचा कातळ तुटत नाही. वैजापूर, येवला, नाशिक, घाट, कोकण, सगळीकडे तोच. मुंबईच्या किनाऱ्यावर पोचलात की तो पाण्यात उतरतो, पण संपत नाही. सेशेल्सचा तुकडा भारतापासून अलग झाला तेव्हा हा काठ ताणला गेला, तुटला आणि खचला. आपला कातळ उतरंडीने समुद्राखाली गेला. मग त्याच्या खोलगट भागांत दलदलीचा, काळपट, जीवांनी भरलेला चिखल साचला. पुढे समुद्र उथळ आणि उबदार झाला, तेव्हा शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुनखडक साचत गेला. दोनेक कोटी वर्षांपूर्वीचा तो चुनखडक आज समुद्राखाली एक विस्तीर्ण उंचवटा होऊन पडलाय, त्यालाच मुंबई हाय म्हणतात. खोलगटातल्या चिखलात शिजलेलं तेल हळूहळू त्यात वर आलं आणि वरच्या चिकणमातीच्या थराखाली अडकलं.

भूशास्त्रज्ञांनी या समुद्रतळाच्या थरांना दिलेली नावं वाचा: वसई, अलिबाग, रत्नागिरी, वांद्रे, चिंचणी. लोकलचा डबा असावा तशी यादी. आणि या सगळ्यांच्या बुडाशी, मुंबई हायच्या बऱ्याच भागात, तुमच्या चिमटीतला बेसाल्ट आहे. काही विहिरींत तर त्या कातळाच्या भेगांतसुद्धा तेल सापडलंय. फुलंब्रीच्या कातळाच्या भेगांत पाणी शोधतात, तिथे तेल शोधलं, एवढाच फरक. संभाजीनगरच्या माणसाचं तेलाशी नातं नाही, असं यापुढे कुणी म्हणू नये.

माणसाला मात्र हे तेल फार उशिरा दिसलं. त्याआधी तुम्हाला ब्रह्मदेशात एक खेप मारावी लागेल.

इरावतीच्या काठी येनांजाऊँ नावाचं गाव, एकोणिसावं शतक. इथल्या तेलविहिरी हाताने खोदलेल्या आहेत आणि पिढीजात चोवीस घराण्यांची मक्तेदारी चालत आलीय. विहिरीच्या काठावर एक माणूस आरसा धरून बसलाय. उन्हाची तिरीप खाली पाडून तो तळाला उजेड देतो, कारण तिथे दिवा नेला तर सगळंच पेटेल. दोराला बांधलेला दुसरा माणूस खाली जातो, दम धरून काही वेळ खोदतो आणि वायूने गुदमरायच्या आत दोर हलवतो. वरचे लोक त्याला ओढून काढतात. तो बाहेर येऊन आडवा पडतो आणि नुसता श्वास घेत राहतो. विहीर खोदणारी माणसं मराठवाड्यात तुम्ही पाहिली आहेत. हे त्याहून कठीण काम आहे.

१८८५ मध्ये इंग्रजांनी तिथला राजा थिबा याला गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच १८८६ साली ग्लासगोत बर्मा ऑइल कंपनी उभी राहिली आणि आरशाच्या जागी वाफेवर चालणारी यंत्रं आली. थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. ज्या समुद्राकडे तोंड करून त्याने उरलेलं आयुष्य काढलं, त्याच्या तळाखाली त्याच्या राज्यापेक्षा जास्त तेल आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि त्याला तिथे ठेवणाऱ्यांनाही.

परत गावी या, १९०५ च्या सुमाराच्या औरंगाबादला. निजामाचं राज्य. मनमाडहून रेल्वे येऊन पाचेक वर्षं झालीत आणि तिच्याबरोबर पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून रॉकेल आलंय: आधी अमेरिकेचं, बाकूचं, मग ब्रह्मदेशाचं. गुलमंडीवर डबा फुटला की गिऱ्हाईक बाटल्या घेऊन रांग धरतं. घराघरांतला करडईच्या तेलाचा दिवा देवापुरता उरतो आणि ओसरीवर चिमणी, कंदील येतात. रिकामा डबाही वाया जात नाही. त्याला लाकडी दांडी ठोकून बायका त्याने पाणी शेंदतात.

मधली वर्षं झपाट्याने ओलांडा. दिग्बोईला १८८९ पासून तेल आहे, पण थोडं. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग रीतसर उभा राहतो आणि केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय रशियन तज्ज्ञांना सोबत घेऊन हट्टाने शोध घेतात. १९५८ मध्ये खंबातला, १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागतं. १९६४-६५ मध्ये ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ हे सोव्हिएत जहाज खंबातच्या आखातापासून खाली मुंबईपर्यंत समुद्रतळाला ध्वनिलहरींचे धक्के देत फिरतं. परत येणारे प्रतिध्वनी कागदावर उतरतात आणि मुंबईच्या पश्चिमेला, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, पाण्याखाली एक प्रचंड घुमटाकार उंचवटा दिसतो. मुंबई हायची चुन्याची फुली ही. नारळाने न दाखवता प्रतिध्वनीने दाखवलेली. तरी तेल असल्याची खात्री तिनेही दिली नाही. खात्री भोक पाडल्यावरच होते, समुद्रात आणि फुलंब्रीतही.

१९७२. या वर्षात तुम्हाला थोडं रेंगाळावंच लागेल, कारण घरातल्या म्हाताऱ्यांकडून त्याबद्दल ऐकलेलं आहे. पाऊस नाही. औरंगाबाद जिल्ह्यात दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडतायत, लाल मिलो आणि सुकडीवर दिवस निघतायत. वर्षानुवर्षं न आटलेल्या आडांचा तळ दिसतो. कातळात खोल छिद्र पाडणारी यंत्रं गावोगाव याच काळात पसरू लागतात. तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच असलेल्या जालन्याच्या मिशनमध्ये अशा छिद्रांवर बसवायचा मजबूत हातपंप तयार झाला होता. ‘जालना पंप’ हे नाव पाणीपुरवठ्याच्या जगात अजून घेतात. जालना आणि सोलापूर इथल्या या प्रयोगांतून पुढे ‘इंडिया मार्क टू’ निघाला, जो शाळेच्या पटांगणात तुम्हीही लोंबकळून हापसलेला असेल.

पाण्याचा दुष्काळ सरत नाही तोच तेलाचा सुरू होतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देश तेल रोखतात आणि तीन डॉलरच्या आसपासचं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर जातं. पेट्रोलच्या दरवाढीवर अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत येतात. आपल्याकडची बैलं आधीच चाऱ्यापायी छावणीत होती.

आता १९७४ च्या फेब्रुवारीत, ‘सागर सम्राट’वर चढा. जपानमध्ये आदल्या वर्षी बांधलेली ही रिग स्वतःच्या इंजिनावर चालत जागेवर आली. तिने आपले लोखंडी पाय ७५ मीटर पाण्यातून खाली सोडून समुद्रतळावर रोवले आणि त्या पायांवर स्वतःचं धड लाटांच्या वर उचलून घेतलं. (तुम्ही चाळिशीच्या पुढचे असाल तर हिला आधी पाहिलंय. १९८० च्या दशकातल्या एक रुपयाच्या नोटेची मागची बाजू आठवा.) पायाखालचा पत्रा सतत थरथरतो. डिझेल आणि ओल्या चिकणमातीचा मिसळलेला वास येतो. टोपीवर चिखल, हातमोज्यांवर ग्रीस घेऊन चार माणसं तीस फुटी पाइप जोडतायत, तोंडातून एक शब्द न काढता, कारण ऐकूच येत नाही.

फुलंब्रीत चुरा हवेने वर फेकला जात होता. इथे ते चालणार नाही. खाली दाबाखाली वायू आणि तेल असेल तर ते भोकातून उसळेल आणि ठिणगी पडली की सगळं संपेल. म्हणून इथे पोकळ पाइपातून जड चिखल खाली ढकलतात. तो बिटच्या तोंडातून बाहेर पडतो, दगडाचा चुरा उचलतो आणि पाइपाच्या बाहेरच्या बाजूने वर येतो. त्याच्या वजनाने खालचा दाब आवरून धरलेला असतो. वर आला की तो थरथरणाऱ्या चाळणीवर पडतो. चिखल गाळून पुन्हा खाली जातो, चुरा वर राहतो.

चाळणीजवळच्या खोपट्याएवढ्या केबिनमध्ये शिरा. ही रिगवरची सगळ्यात महत्त्वाची जागा आहे, असं माझं मत. एक भूशास्त्रज्ञ पसाभर चुरा धुतो आणि भिंगाखाली धरतो. हा चुरा आत्ताचा नाही. खालून वर यायला लागलेला वेळ हिशेबात धरून हा कुठल्या खोलीचा, ते तो वहीत लिहितो. मग दिवा मालवून अतिनील दिवा लावतो. एरवी मळकट पांढरे दिसणारे चुनखडकाचे कण अंधारात फिकट पिवळे चमकू लागतात. तो त्यांवर द्रावकाचा थेंब सोडतो आणि त्या कणांतून चमकदार धागा ओघळत बाहेर येतो. तेल.

जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि विहीर त्यात पाइप बुडवते, अशी समजूत असेल तर ती याच केबिनमध्ये सोडून द्या. वीट पाण्यात भिजत घातली की जसं पाणी पिते, तसं तेल दगडात मुरलेलं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही इतक्या बारीक पोकळ्यांतून वाट काढत विहिरीपर्यंत येतं. म्हणूनच कितीही खटपट केली तरी निम्म्याहून अधिक तेल बहुधा दगडातच राहतं.

बातमी किनाऱ्यावर पोचते. २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू होतं, सुरुवातीला दिवसाला साडेतीन हजार पिंपांच्या आसपास. १९७८ पासून तेल समुद्रतळावरच्या नळाने उरणला येऊ लागतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी उत्पादनाचा आकडा दिवसाला चार लाख पिंपांच्या वर जातो. तेलाबरोबर येणारा वायू अलिबागजवळ थळच्या कारखान्यात युरिया होतो, आणि ‘उज्ज्वला’च्या गोण्या वैजापूर-गंगापूरच्या कापसात जातात. सिलिंडर गुलमंडीच्या मागच्या वाड्यांतल्या चुली विझवतो. १९८० च्या दशकातच वाळूजला स्कूटरचा कारखाना येतो आणि सायकलींच्या या गावात पेट्रोल पंपावर रांग लागू लागते.

या सगळ्याची किंमत बघायला २७ जुलै २००५ ला मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मवर या. मुंबई आदल्या दिवशी बुडाली आहे, त्यामुळे पुढच्या काही तासांत इथे जे होईल त्याकडे देशाचं पुरेसं लक्षही जाणार नाही. समुद्र खवळलेला. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली आहेत. पावसामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. त्याला उपचारासाठी क्रेनने प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरतं. वाऱ्याच्या आडोशाची क्रेन चालत नाही, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ येतं. लाट त्याला उचलते आणि त्याचा हेलिपॅड समुद्रतळातून वर येणाऱ्या वायूच्या नळावर आदळतो. स्वयंपाकी तेव्हा वर पोचलेला असतो. नळ फुटतो, वायू पेट घेतो आणि दोनेक तासांत सारा प्लॅटफॉर्म वितळून समुद्रात कोसळतो. नौदल, तटरक्षक दल आणि आजूबाजूची जहाजं त्या लाटांतून ३६२ माणसं बाहेर काढतात. बावीस जण जातात. ते नळ प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या बाजूला, जहाजाच्या धडकेच्या टप्प्यात उघडे होते. दोष लाटेचा म्हणून सोडून देता येत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा तराफा याच भागात बुडाला, २६१ माणसं घेऊन. सत्तरच्या वर कामगार गेले. वादळाचा इशारा आधीच मिळाला होता.

शेवटचा टप्पा जमिनीवरचा. उरणहून कच्चं तेल माहूलच्या शुद्धीकरण कारखान्यात जातं. पेट्रोल-डिझेल सुमारे अडीचशे किलोमीटरच्या नळाने सह्याद्री चढून मनमाडजवळच्या पानेवाडीला येतं आणि तिथून टँकर मराठवाड्याकडे निघतात. या रस्त्यावर २५ जानेवारी २०११ ला थांबा. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना एका ढाब्याजवळ टँकरमधून तेलाची चोरी आणि भेसळ होताना दिसली. ते गाडीतून उतरले. भरदिवसा त्यांना पेटवून देण्यात आलं.

तिथून येवला, वैजापूरमार्गे टँकर शहरात शिरतो. मुंबई हायचं उत्पादन आज ऐन भरातल्या काळाच्या निम्म्यालाही पोचत नाही. ते वाढवायला २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक सल्लागार म्हणून घेतलंय. दगडात मुरलेलं अजून थोडं पिळून निघेल, एवढीच अपेक्षा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. बाबा पेट्रोल पंपाच्या चौकातून जाताना तुमच्या गाडीच्या टाकीत एक लिटर असेल, तर देशाच्या सगळ्या जमिनीतलं आणि समुद्रातलं मिळून त्यात घरचं तेल सरासरीने दीडशे मिलिलीटरही नाही.